फौजींचा रणगाडा

‘रणगाडा’तला ण बाणाचा की न नळाचा, एवढंच त्या बाईंना विचारायचं होतं. धरमपेठेतलं ते पाट्या कोरून देणारं दुकान म्हणजे एक अरुंद बोळ होता. एका भिंतीला काळ्या दगडांचे तुकडे उभे करून ठेवलेले, आणि टेबलामागे चष्मा कपाळावर सरकवून बसलेल्या त्या बाई. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा वंदनाकडे वळवला. कै. ताराचंद बापूजी निखाडे, फौजी. माजी सैनिक. १९७१ च्या युद्धात शत्रूचा रनगाडा उडवणारे शूर जवान. ताडपत्री शिलाईचे कुशल कारागीर. प्रेमळ पती व पिता. वंदना म्हणाली, “बाणाचा.” बाईंनी एक बटण दाबलं, अक्षर बदललं, आणि वंदना एकदम दचकली. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं. “बाकी सगळं बरोबर आहे ना मॅडम?” बाई म्हणाल्या. “नीट वाचा. एकदा दगडावर गेलं की मग आपल्या हातात काही राहत नाही.” वंदनानं पुन्हा वाचलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ती म्हणाली, “थांबा, मी कळवते,” आणि बाहेर येऊन स्कूटरवर नुसतीच बसून राहिली. किल्ली लावली होती, पण पुढे काय करायचं ते हाताला आठवत नव्हतं.

मजकूर भावानं, अमोलनं, पुण्याहून पाठवला होता. तीन दिवसांपूर्वी तो तिच्या मोबाइलवर आला, तेव्हा ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिनं न वाचताच वर केलेला अंगठा पाठवून दिला. पंचवीस वर्षं ती त्या लॅबमध्ये होती, आणि दोनदा पाहिल्याशिवाय कुणाचा रिपोर्ट तिनं टेबलावरून पुढे सरकवलेला नव्हता. बाबांना जाऊन महिना होत आला होता. शहराच्या कडेला असलेल्या वाडीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी, म्हणजे मुख्यतः गोदामवाल्या बाबारावांनी, ठरवलं की येत्या रविवारी फौजींच्या दुकानासमोर सभा घ्यायची आणि दुकानाच्या भिंतीवर काळ्या दगडाची पाटी बसवायची. बाबारावांनीच अमोलला सांगितलं, की टँकाचं विसरू नको, ते वर लिही. अमोलनं ‘टँक’चं ‘रणगाडा’ केलं, कारण दगडावर मराठी बरं दिसतं. आणि तो रणगाडा कधी नव्हताच, हे बाबा गेल्यावर या सगळ्या जगात फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं वंदनाला वाटत होतं. तो तिनं केला होता. एकोणीसशे शहाऐंशी साली, चौथीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर बसून.

तेव्हा फौज सोडून आलेल्या ताराचंदांनी वाडीत अमरावती रोडला लागून एक टिनाचं दुकान घेतलं होतं. फौजेत ते बूट, तंबू, पट्टे, पिशव्या दुरुस्त करत. तोच हात इथे ट्रकांच्या ताडपत्र्यांवर चालला. दूरदूरचे ट्रक गोदामांपाशी थांबत, आणि फाटलेली ताडपत्री रस्त्याच्या कडेला अंथरून बाबा तिच्यावर मांडी घालून बसत. हातात वीतभर दाभण, तळहाताला बांधलेला चामड्याचा पट्टा, आणि मेण लावून ताठ केलेला दोरा. लांबून पाहिलं तर एखाद्या मोठ्या हिरव्या तळ्याच्या मधोमध माणूस बसलाय असं वाटे. त्या मेणाचा, कॅनव्हासचा आणि थोडा डिझेलचा वास त्यांच्या अंगाला कायमचा होता. आंघोळीनं तो जात नसे, नुसता साबणाच्या आड जाऊन बसे. वाडीत शाळा होती, पण बाबांनी मुलीला धरमपेठेतल्या शाळेत घातलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी सायकलवर पुढच्या दांडीला लावलेल्या छोट्या सीटवर तिला बसवून ते एवढ्या लांब सोडायला येत, आणि दुपारी दुकान टाकून न्यायला. सीटही त्यांनीच शिवली होती. दप्तरही. फौजी कॅनव्हासचं ते दप्तर इतकं मजबूत होतं की शाळा संपली, कॉलेज संपलं तरी ते संपलं नाही. आता तिची मुलगी दामिनी ते हौसेनं खांद्याला लावते आणि मैत्रिणी तिला विचारतात की कुठून घेतलंस. वंदनाला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वर्गात सगळ्यांची दप्तरं लाल-निळी होती आणि त्यांवर चित्रं होती.

त्या दिवशी वर्गात बाईंनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, वडील काय करतात. डॉक्टर झाले, वकील झाले, बँकेतले झाले. वंदना उठली आणि म्हणाली, “फौजी.” बाईंचा चेहरा उजळला. युद्धात होते का, म्हणून त्यांनी विचारलं. होते, वंदना म्हणाली, आणि ते खरंच होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “काय केलं त्यांनी युद्धात?” वंदनाला उत्तर माहीत होतं. बूट शिवले. तिनं घरी विचारलं होतं आणि बाबांनी हसत सांगितलं होतं, “बूट शिवले, बाई. पाण्यात बूट सडत होते पोट्ट्याइचे. दिवसभर शिवत होतो.” पण ते उत्तर वर्गात ओठांपर्यंत आलं आणि तिथेच कोरडं झालं. मराठीच्या पुस्तकात एक धडा होता, त्यात एक चित्र होतं. तिच्या तोंडून निघालं, “रणगाडा उडवला.” वर्गात जी शांतता पसरली ती तिला अजून आठवते. तेवढी गोड शांतता नंतर आयुष्यात कधी तिच्या वाट्याला आली नाही, लग्नाच्या मांडवात नाही की पहिल्या पगाराच्या दिवशी नाही.

मग सव्वीस जानेवारी आली आणि शाळेनं ताराचंद निखाडेंना पाहुणे म्हणून बोलावलं. वंदनानं ताप यावा म्हणून दोन दिवस ओल्या केसांनी दारात उभं राहून पाहिलं, पण आला नाही. बाबांनी ट्रंकेतला कोट काढला, त्यावर युद्धात गेलेल्या सगळ्यांनाच मिळालेली पदकं लावली, बूट असे घासले की त्यांत खिडकी दिसत होती. सायकलवर ती नेहमीसारखी पुढे बसली. त्यांची हनुवटी मधूनमधून तिच्या डोक्याला लागत होती आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, आता सांगावं. रवीनगरचा चौक गेला. अजून वेळ आहे, तिला वाटलं. मग शाळेचं फाटक आलं. स्टेजवर मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आमच्या वंदनानं आम्हांला सगळं सांगितलंय. तुम्ही तो रणगाडा उडवलात, त्याची गोष्ट मुलांना सांगावी.” बाबा उठून माइकपाशी आले. त्यांनी मैदानावर नजर फिरवली, रांगेमागून रांग, आणि ती सापडेपर्यंत फिरवत राहिले. सापडल्यावर थांबले. ती खाली पाहू लागली, मातीत एक मुंगी साखरेचा दाणा ओढत नेत होती तिकडे. वर बाबांचा आवाज आला, “होता एक टँक. लय मोठा होता. लय आवाज करत होता.” मध्ये थोडा वेळ गेला. “मग बंद झाला.” त्यांनी खणखणीत सलाम ठोकला आणि खुर्चीवर जाऊन बसले. टाळ्या थांबेनात. परत येताना अर्धा रस्ता झाला. मग ते म्हणाले, “बाई, टँकाचं कोणत्या पुस्तकात वाचलं?” ती म्हणाली, “मराठीच्या.” सायकल थोडी पुढे गेल्यावर ते म्हणाले, “चांगलं पुस्तक हाय.” एवढंच. त्यानंतर अडतीस वर्षांत ते दोघं त्या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत.

रणगाडा मात्र चालत राहिला. बाबारावांची पुतणी त्याच शाळेत होती. तिच्याकडून तो वाडीत आला, गोदामांतून फिरला, ड्रायव्हरांबरोबर रायपूरला आणि हैदराबादला गेला. ‘टँकवाले फौजी कुठं बसतात’ असं विचारत लोक येऊ लागले. कुणी खोदून विचारलं तर बाबा दातानं दोरा तोडायचे आणि म्हणायचे, “जुनी गोष्ट हाय.” वंदना मोठी होत गेली तशी ती दुकानाकडे जायची टाळू लागली. तिला वाटे, आम्ही दोघं सोडून कुणालाही माहीत नसलेलं एक खोटं हा माणूस माझ्यासाठी अंगावर घालून बसलाय, उन्हाळ्यात स्वेटर घालावा तसं. ज्या माणसानं गिऱ्हाइकाला कधी कुजका दोरा लावला नाही, जो ट्रक पाव मैल गेल्यावर एक टाका राहिला म्हणून सायकलनं मागे धावला, त्याला आपण एका मैदानात, कोट घातलेला असताना, खोटं बोलायला लावलं. प्रत्येक वर्षी हे सांगणं आणखी अवघड होत गेलं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात ती ठरवूनच जात असे. बाबा डोळे उघडून विचारायचे, “किती नळ्या झाल्या आज?” ती आकडा सांगायची, ते समाधानानं मान हलवायचे आणि झोपायचे. त्या आकड्यांतच सगळे दिवस संपले.

संध्याकाळी लॅबमधून सुटल्यावर ती तडक वाडीला आईकडे गेली. रुखमाबाई ओसरीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. एकीकडे टीव्ही चालू होता, पण आवाज बंद. बाबा गेल्यापासून त्यांनी तो असाच ठेवला होता. वंदना समोर बसली आणि तीही एकेक पान खुडू लागली. रणगाडा हा शब्द आईसमोर काढायची तिची हिंमत झाली नाही. तिनं लांबून सुरुवात केली.

“आई, बाबा लढाईत काय करत होते?”

“काहून वं? आज काय एकदम?”

“पाटीवर लिहायचं आहे. बूट शिवत होते ना?”

रुखमाबाईंनी मेथीची जुडी झटकली. “बूट तं शिवतच होते. अजून एक काम देल्लं होतं त्याहिले.” त्यांनी जुडी पेपरवर ठेवली. “तुह्ये आजोबा गेले ना, माह्ये बाबा. त्यांचा एक कोट होता. तो कोणाले तरी देऊन टाकायचा होता. तर हे बसले कोट घेऊन. एक बटण तुटलं होतं, ते लावून राहिले होते. मी म्हटलं, राहू द्या ना, आता कोण पाह्यते. तं म्हणे, पाह्यतात. अन् मंग सांगतलं मले. तिथं लढाईत जे पोट्टे मेले, त्याइचं सामान घरी पाठवा लागे. फौजेचं नाही वं, त्याइचं स्वतःचं. घरचा सदरा, स्वेटर, चपला, कंगवा, घरून आलेली पत्रं. ते सगळं कॅनव्हासात गुंडाळून शिवून द्यायचं काम यांच्याकडं होतं. नुसतं गुंडाळून द्यायचं. पण हे बटण लावत. सदरा उसवला असला तं टाका घालत. चपलीचा पट्टा तुटला असला तं तो पण. साहेब म्हणे, निखाडे, अब ये कौन पहनेगा. हे म्हणाले, पहनेगा कोई नहीं साहब, देखेगा.”

वंदनाच्या हातातलं पान हातातच राहिलं. “किती होते असे?”

“मोजले नाही म्हणत. कोणी मोजू पण नको म्हणत.” रुखमाबाईंनी खुडलेल्या काड्या एका बाजूला लोटल्या. “मी एकदा विचारलं, लेकराइले सांगत काहून नाही. तं म्हणे, लहान हायेत. मंग तुम्ही मोठे झाले. मंग राहूनच गेलं.”

बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते. वंदनाच्या डोळ्यांसमोर एक बावीस वर्षांचा मुलगा आला. तो बाबांसारखा दिसत नव्हता, कारण बाबांना तिनं त्या वयात पाहिलंच नव्हतं. तंबूत बसलेला, मांडीवर कुणाचा तरी सदरा, ओठ दाताखाली धरून सुई ओवणारा. बाहेर पाणी, चिखल, दूरवर कुठेतरी आवाज. तो सदरा कुठल्या तरी गावच्या शिंप्याकडे शिवलेला असणार, कॉलरला घामाचा डाग असणार, आणि कुठल्या तरी घरात एक बाई तो उलगडून पाहणार आणि तिला कधी कळणार नाही की चौथं बटण वेगळ्या दोऱ्यानं लावलेलं आहे. किंवा कळेलही. बायकांना अशा गोष्टी कळतात. मग ती कोणकोणत्या माणसांचा विचार करील? आणि तोच मुलगा पुढे घरी आला, त्यानं लग्न केलं, आई टायफॉइडनं पडली तेव्हा महिनाभर भाकऱ्या थापल्या, उरलेल्या ताडपत्रीतून मुलांना रेनकोट शिवले, जे इतके ताठ होते की काढून ठेवले तरी उभे राहत. दर रविवारी पोरांची नखं कापली. आणि त्याच्या मुलीनं वर्गात उभं राहून त्या सगळ्याच्या जागी एक चित्रातला रणगाडा ठेवला. बूट शिवले हे सांगायला जिला लाज वाटली तिला हे दुसरं काम कळलं असतं तर? चौथीतल्या त्या मुलीला तेही कमीच वाटलं असतं, हे वंदनाला नीट माहीत होतं, आणि तेच जास्त टोचत होतं.

गच्चीवर जाऊन तिनं अमोलला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे टँक नव्हताच?” अमोल म्हणाला.

“नव्हता.”

“अन् तू मले हे आत्ता सांगून राहिली. चाळीस वर्षांचा झालो ना मी, ताई, चाळीसच्या वर.” त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. “कामठीले फौजेच्या भरतीले गेल्तो मी दोन वेळा, आठवते? छाती एक इंचानं कमी भरली. टँकवाल्याचा पोरगा अन् छाती कमी. घरी आलो तं बाबाच्या तोंडाकडं पाहू शकलो नाही. त्या टँकापायी.”

हे तिला माहीत नव्हतं. भरतीचं माहीत होतं, पण टँकाचं तिथपर्यंत जाणं माहीत नव्हतं.

“पाटी तशीच राहू दे,” अमोल म्हणाला.

“नाही राहू देत. खोटं आहे ते.”

“कोणाचं नुकसान होऊन राहिलं त्यानं? सगळी वाडी त्याले मानते. तुह्या मनावरचं वजन उतरवायचं म्हणून तू बाबाले काहून लहान करते?”

फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. अमोलचा प्रश्न चुकीचा नव्हता. खरं सांगायचं ते कुणासाठी, बाबांसाठी की स्वतःसाठी, याचं उत्तर तिला धड देता येईना. लॅबमध्ये हे सोपं असतं. नळीत जे आहे ते आहे. पण बाबा आता कुठल्या नळीत होते? वाडीच्या लोकांच्या मनात जे फौजी होते ते रणगाड्यासकट होते, तो काढला तर त्यांच्यातलं किती सांडेल आणि किती उरेल, कोण सांगणार. तरी एक गोष्ट तिला दिसत होती. दगडावर रणगाडा कोरला गेला की त्याखाली ती बटणं कायमची गाडली जाणार होती. आई गेली की ती कुणालाच माहीत नसणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुकानात फोन करून पाटी थांबवायला सांगितली.

रविवारी अकरा वाजता दुकानासमोर मंडप घातला होता. गोदामांतले हमाल, जुने ड्रायव्हर, शेजारपाजारचे मिळून शंभर-सव्वाशे माणूस. दुकानाचं शटर वर केलेलं, आत बाबांचा फोटो, भिंतीवर पाटीची जागा रिकामी. अमोल सकाळीच पुण्याहून आला होता. तिच्याशी फक्त कामापुरतं बोलत होता आणि खुर्च्या उगीच सरळ करत होता. रुखमाबाई पहिल्या रांगेत, पांढऱ्या पदराखाली हात घेऊन. बाबाराव बोलले, आणि अर्थातच टँकावर बोलले. त्यांच्या भाषणात टँकाच्या पाठीवर माणसं होती, बाबांच्या छातीला बॉम्ब बांधलेला होता. लोक शांतपणे ऐकत होते. ही गोष्ट ते पुष्कळदा ऐकून होते आणि पुन्हा ऐकायला त्यांना बरं वाटत होतं, हे वंदनाला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. मग बाबारावांनी तिला माइक दिला.

तिनं कागद लिहून आणला होता. तो तिनं उघडलाच नाही. “टँक बाबांनी नाही उडवला,” ती म्हणाली. “टँक मी उडवला. मी चौथीत होते.” मागे कुणीतरी हसलं आणि मग थांबलं. तिनं सांगितलं, बाकावरचं, पुस्तकातल्या चित्राचं, मैदानाचं, सलामाचं. तिला वाटत होतं की आपल्याला पुन्हा दहा वर्षांची मुलगी व्हावं लागतंय, या वेळी उलट दिशेनं. मग तिनं कॅनव्हासच्या गाठोड्यांचं सांगितलं. सदऱ्यांचं, बटणांचं, चपलेच्या पट्ट्याचं. ‘पहनेगा कोई नहीं साहब, देखेगा’, हे म्हणताना तिचा आवाज जागेवर राहिला नाही, म्हणून तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं. मग सांगायचं काही उरलं नाही, आणि तिनं माइक बाबारावांकडे परत दिला.

कुणी टाळी वाजवली नाही. बाबारावांनी घसा साफ केला, खिशातून रुमाल काढला, तो पुन्हा ठेवला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “मंग पाटीवर काय लिहायचं?”

नत्थूजी म्हणून एक म्हातारे ड्रायव्हर होते. तीस वर्षं रायपूरची लाइन केलेले, आता काठीवर. ते खुर्चीतूनच म्हणाले, “फौजी लिहा. टाके घालत, असं लिहा. अजून काय लागते.” मग, कुणाकडे न पाहता, “माह्या पोराचं असं गाठोडं आल्तं मले. फौजेतून नाही, गुजरातेतून. कंपनीतून. नुसतं थैलीत कोंबून देल्लं होतं.” त्यांच्या शेजारच्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग चहा आला आणि माणसं उठली. वंदनाला वाटलं होतं की लोक तिच्याकडे पाहणार नाहीत, पण एकेक जण येऊन तिला काहीबाही सांगत होता. कुणाच्या सीटचं कव्हर, कुणाच्या आईसाठी शिवलेली खाटेची पट्टी, बैलाच्या पाठीवरच्या जखमेसाठी केलेली गादी. टँकाचं नाव कुणी काढलं नाही. तो आला तसाच निघून गेला होता, निरोप न घेता.

अमोल खुर्च्या एकात एक घालत होता. ती जवळ गेली तरी त्यानं मान वर केली नाही. दोन-चार खुर्च्या झाल्यावर तो म्हणाला, “स्टेजवर बाबा खरंच म्हणाले, लय आवाज करत होता म्हणून?”

“हो.”

“अन् मंग?”

“मग बंद झाला म्हणाले.”

अमोलच्या खांद्यांना एक हिसका बसला. तो रडतोय असं तिला वाटलं, पण तो हसत होता. हसता हसता त्यानं खुर्ची खाली ठेवली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. “एक इंच,” तो म्हणाला, “फक्त एक इंच कमी होती ताई,” आणि पुन्हा हसू लागला.

घरी जायला रिक्षा बोलावली. रुखमाबाईंना पाय वर घ्यायला वेळ लागला, मग त्या मागे टेकून बसल्या. वंदना त्यांच्या बाजूला. रिक्षा अमरावती रोडवर आली, दोन्ही बाजूंना ट्रक लागलेले. वंदना आई काही म्हणेल याची वाट पाहत होती. सभेत तिनं आईकडे पाहायचं टाळलं होतं. बराच रस्ता गेल्यावर रुखमाबाई म्हणाल्या,

“टँक काहून काढून टाकला वं तू?”

“खोटा होता ना आई.”

“खोटा तं होताच. मले काय माहीत नव्हतं?” रुखमाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला. “राहू द्यायचा होता. त्याहिले लय आवडे तो.”

वंदनानं त्यांच्याकडे पाहिलं.

“जेवता जेवता मले सांगत, आज टँक हैदराबादले पोचला वं. आज कोणी म्हणे दोन होते. हसत. म्हणत, दुसऱ्याइले सरकारनं मेडल देल्लं, मले माह्या पोरीनं टँक देल्ला.”

“पण त्या दिवशी स्टेजवर,” वंदना म्हणाली, “त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी एकदम त्यांना...”

“माहीत कसं नव्हतं? शाळेतल्या बाईंच्या पत्रातच लिहून आलं होतं ना, रणगाडा उडवला त्याबद्दल चार शब्द सांगावेत म्हणून. मीच म्हटलं, नका जाऊ, सांगा तब्बेत बरी नाही. तं म्हणे, वा, माह्या बाईनं सांगून ठेवलं अन् मी जाऊ नको? दोन दिवस आरशासमोर उभे राहून बोलून पाह्यत होते. मलेच विचारत, टँक कसा आवाज करत असन वं रुखमा? मी काय सांगू? मी म्हटलं, मोठा करत असन.”